मागच्या चाकांचे सेउ बेलार्मिनो

गावात अशी बोलवा आहे की सेउ बेलार्मिनो आपल्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाला गेलेच नाहीत. का, तर नवरी ज्या गाडीतून चर्चला निघाली तिची पुढची चाकं जोर लावत होती आणि मागची नुसती पाहुण्यांसारखी फिरत होती. बेकरीत विचारा, न्हाव्याकडे विचारा, लोक डोळे पुसत पुसत ही गोष्ट सांगतात. ती साफ खोटी आहे. सेउ बेलार्मिनो लग्नाला गेले होते. फक्त मुलीशेजारी गाडीत बसायचं सोडून ते इस्त्रीचा सूट घालून त्या गाडीच्या मागून चालत गेले, आणि घरापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत, बँडच्या वर आवाज चढवून, प्रत्येक वळणावर ती गाडी कशी नाक घासते याचं वर्णन करत गेले. ते गेलेच नसते तर मुलीवर उपकार झाले असते.

'सेउ' हा मान आमच्याकडे पुरुषांच्या वयाला लावतात, बायकांना 'दोना'. अकलेला लावायची पद्धत असती तर त्यांना नुसतं बेलार्मिनो म्हणून भागलं असतं.

धंदा म्हणाल तर चीजचा. पहाटे उठायचं, डोंगरातल्या गोठ्यांवर जायचं, ताज्या चीजच्या गोल चकत्या फडक्यात बांधून आणायच्या आणि बाजारात विकायच्या. हे सगळं ज्या गाडीत चालतं ती गोल पाठीची जुनी फुस्का. इंजिन मागं, जोर मागं, चीज मागं, आणि वासही मागं. पुढं एकटे सेउ बेलार्मिनो, जगाला उपदेश करत. गोठ्यांच्या वाटा म्हणजे बोळ. आत गेलेली गाडी वळत नाही, उलटीच बाहेर काढावी लागते. त्यामुळे या माणसाचं निम्मं आयुष्य मान वळवून मागं बघण्यात गेलं आहे. विचारांचंही तसंच झालं असावं.

उपदेशाची जागा बेकरीचा कट्टा.

"हे बघ," ते समोरच्याच्या कपाला हात घालतात. कप नेहमी दुसऱ्याचा. "हा कप म्हणजे गाडी. आता आला चढ." कप तिरका होतो. "कॉफी कुठं गेली?"

"मागं गेली, सेउ बेलार्मिनो."

"मागं गेली. कॉफी म्हणजे वजन. चढाला वजन मागच्या चाकांवर जातं, पुढची चाकं हलकी होतात. मग ती हलकी चाकं काय ओढणार, तुझी आजी?"

"आजी कशाला ओढेल?"

"नाही ना ओढत? तेच तर सांगतोय."

तोवर ती कॉफी समोरच्याच्या पँटवर पोचलेली असते. सेउ बेलार्मिनो रिकामा कप खाली ठेवतात आणि नवा कप घेऊन कोणी येतंय का, बघतात.

एकदा एक ट्रॅक्टरवाला, बिचारा बाहेरगावचा, बोलून गेला, "पण काका, बैल तर गाडीला पुढूनच ओढतात की."

बेकरीत सगळ्यांनी चावणं थांबवलं. सेउ बेलार्मिनोंनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"उआइ," ते म्हणाले. आमच्या डोंगरात नवल, राग, होकार, सगळं या एका शब्दात भागतं. "बैल पुढं असतो, बरोबर. पण बैल जोर कुठल्या पायांनी लावतो? मागच्या. झालं?"

आणि जिंकल्यासारखे निघून गेले. ट्रॅक्टरवाला बराच वेळ बैल आठवत उभा होता.

घरातही सुटका नाही. त्यांची बायको दोना ऑर्मिंदा, हिनं बाजारातून चाकं लावलेली पिशवी आणली, ओढत न्यायची.

"ढकल," सेउ बेलार्मिनो म्हणाले.

"अरे माणसा, ही ओढायची असते. मूठ बघ कुठल्या बाजूला आहे."

"मूठ चुकीच्या बाजूला लावली म्हणून आपणही चुकायचं? ढकल."

ती बाई कोपऱ्यापर्यंत पिशवी ढकलते, कोपरा वळल्यावर ओढते. इतक्या वर्षांच्या संसाराचं गुपित म्हणतात ते हेच.

आता हे सगळं गावानं हसण्यावारी नेलं असतं. पण सेउ बेलार्मिनोंना गावात एक खरा मान होता. जुलैत संत क्रिस्तोवावचा सण येतो. हा गाडीवाल्यांचा संत. त्या दिवशी त्याची मूर्ती गाडीच्या टपावर बसवतात, मागून गावातल्या सगळ्या गाड्या, ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकली, आणि मिरवणूक 'साबणाचा चढ' म्हणतात तो निसरडा चढ चढून वरच्या देवळात जाते. मूर्ती वर पोचली की पाद्री प्रत्येक गाडीवर पवित्र पाणी शिंपडतात. त्या पाण्याशिवाय आमच्याकडे कोणी वर्षभर धड हॉर्नसुद्धा वाजवत नाही. आणि संत वर नेण्याचा मान, कोणालाच आठवत नाही तेव्हापासून, फुस्काचा. वर्षातला हा एक दिवस सेउ बेलार्मिनो बोलत नसत. टपावर संत, स्टिअरिंगवर दोन्ही हात, आणि तोंडावर असा भाव की संताला रस्ता माहीत नाही, यांना आहे.

गेल्या वर्षी घोटाळा झाला. फुस्काच्या इंजिनानं म्हातारपणी तेल प्यायला सुरुवात केली होती, आणि सेउ बेलार्मिनो म्हणत होते, पिऊ दे, मीही पितो. चढावर त्यांनी पाय दाबला आणि मागच्या नळीतून असा निळा धूर निघाला की विचारू नका. फुस्काच्या मागं लगेच आम्ही गाणाऱ्या मुली. स्तोत्राच्या दुसऱ्या कडव्यात अर्ध्या खोकत होत्या, अर्ध्या रडत होत्या. आमच्या मागं पांढरे पंख लावलेली लहान मुलं, देवदूत म्हणून. ती वर पोचली तेव्हा कोळशाच्या भट्टीतून काढल्यासारखी दिसत होती. एका देवदूतानं पाद्रींच्या झग्यावर उलटी केली.

सणाची सगळी सूत्रं दोना लेओकादियांच्या हातात. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून नोकरीवर असलेल्या. त्यांनी यंदा बैठकीत जाहीर करून टाकलं, "संत ओसिमारच्या गाडीतून जाईल."

ओसिमार म्हणजे सेउ बेलार्मिनोंचा जावई. त्याच लग्नातला. खुर्च्या-टेबलांच्या दुकानात विक्रेता आहे; बोलायला लागला की समोरच्याला वाटतं आपल्या घरात सोफा कमी आहे. त्याची नवी गाडी पांढरी, चौकोनी, चकचकीत. मागं घेताना ती टूं टूं वाजते, म्हणून मागं बघायचं काम त्यानं कायमचं सोडून दिलंय. आणि गाडी अर्थात पुढच्या चाकांची.

"ती?" सेउ बेलार्मिनो म्हणाले. "ती साबणाचा चढ चढेल?"

"सासरेबुवा, ती रोज चढते."

"रिकामी. टपावर लाकडी संत आणि त्याची पितळी बैठक घेऊन चढ."

"चढेल हो. आणि खोकणार पण नाही."

बैठक हसली. सेउ बेलार्मिनो हसले नाहीत. घरी गेले, जेवायला बसले, ताटातली राजमा-मांसाची उसळ एका बाजूला लोटली आणि ताट तिरकं करून बघत राहिले. दोना ऑर्मिंदानं सांगितलेलं हे, आणि ती असल्या बाबतीत वाढवून सांगत नाही, गरजच पडत नाही.

"जेव ना," ती म्हणाली.

"माझ्या हातून संत काढून घेतला."

"तुझ्या हातून नाही. तुझ्या धुरातून."

ते उठले आणि अंगणात फुस्काजवळ जाऊन उभे राहिले. मान परत मिळाला नाही तर बेकरीत उपदेश करायला तोंड उरणार नाही, हे त्यांना कळत होतं. संत ज्याच्या टपावर त्याचं म्हणणं खरं, असा आमच्या गावाचा साधा हिशोब. म्हणून त्यांनी विचार केला, आणि त्यांनी विचार केला की गावाचं काहीतरी बिघडतंच.

साबणाचा चढ म्हणजे लाल माती. जुलै म्हणजे आमच्याकडे कोरडा हिवाळा, पाऊस नसतो, पावलं बुडतील इतकी धूळ असते. म्हणून सणाच्या सकाळी चढावरच्या बायका आपापल्या दारासमोर पाणी मारतात, थोडंच, संतावर धूळ बसू नये इतपत. त्या सकाळी सेउ बेलार्मिनो दारोदार फिरले.

"दोना, यंदा गाडी पांढरी आहे हो. पांढऱ्यावर धूळ किती दिसते."

"खरंच की."

"जरा हात सैल सोडा. जावयाची गाडी आहे, माझीच अब्रू आहे."

बायका भारावल्या. "बघा, किती मोठ्या मनाचा माणूस," म्हणाल्या, आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या ओट्यावर तांब्याभर पाणी मारलं नाही तो सगळा चढ धुऊन घेतोय, याचं कोणालाही नवल वाटलं नाही. वरच्या वळणावर तर त्यांनी स्वतः नळी धरली. मग घरी जाऊन फुस्काला मेण फासलं, आरशाला फीत बांधली, आणि टपावर उशी बांधून ठेवली. संतासाठी. गाडी रुतली की संत इकडं येणार, फुस्का सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सरसर वर जाणार, असा बेत.

मिरवणूक निघाली. पुढं ओसिमारची पांढरी गाडी, टपावर संत, तोंड देवळाकडं. मागं आम्ही गाणाऱ्या, मग देवदूत, मग फुस्का, मग बाकीचं गाव, हॉर्न वाजवत. चढाच्या मध्यावर पांढऱ्या गाडीची पुढची चाकं गरागरा फिरायला लागली. लाल चिखल दोन्ही बाजूंना उडाला. ओसिमारनं अजून पाय दाबला, चाकं अजून फिरली, आणि गाडी अगदी सभ्यपणे, न बोलता, खाली आमच्याकडं घसरायला लागली. आम्ही स्तोत्र सोडून भिंतींना चिकटलो. चार माणसांनी मागून खांदा लावला तेव्हा ती थांबली. टपावर संत डुलत होता.

सेउ बेलार्मिनो फुस्कातून उतरले. चेहरा इतका दुःखी केला होता की ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, घरात कोणी गेलं.

"काय ही वेळ," ते म्हणाले. "चला, आता इलाज नाही. संताला इकडं आणा. मी उशी बांधलेली आहे."

"उशी?" दोना लेओकादिया म्हणाल्या. "ती कशाला बांधली होतीत?"

"असू दे म्हणून."

"सेउ बेलार्मिनो, संत मध्ये उतरत नाही."

नियम जुनाच आहे. एकदा प्रार्थना म्हणून मूर्ती टपावर बसवली की ती वरच्या देवळातच उतरते. मध्ये उतरवली तर वर्षभर गाडीवाल्यांच्या हाडांची खैर नाही. हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. पण यांना कधी संत मध्ये उतरवायची वेळच आली नव्हती, फुस्का दर वर्षी चढत होती, त्यामुळे नेमका हा नियम यांच्या डोक्यातून वाफेसारखा उडून गेला होता. सगळा चढ भिजवला, आणि एवढंच विसरले.

"मग?" मागून एक ट्रकवाला ओरडला. "आज पाणी शिंपडणार की नाही? मला उद्या घाट उतरायचाय."

"संत वर नाही, तर पाणी नाही," पाद्री आन्सेल्मो म्हणाले. चिखलात त्यांचा एक बूट राहिला होता, तो शोधत होते.

दोना लेओकादियांनी बायकांकडं बघितलं. "इतकं पाणी मारायला कोणी सांगितलं?"

चढाच्या दोन्ही बाजूंच्या दारांतून, खालपासून वरपर्यंत, सगळी बोटं एकाच टोपीकडं झाली. त्यात दोना ऑर्मिंदाचंही एक होतं.

"अस्सं," दोना लेओकादिया म्हणाल्या, जसं वर्गात म्हणत. "भिजवला तुम्ही. आता चढवा तुम्ही."

सेउ बेलार्मिनोंनी मागं पाहिलं. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले, टॅक्सीवाले, सगळं गाव हॉर्नवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत होतं. संत वर गेला नाही तर यातला एकही त्यांच्याकडून चीज घेणार नव्हता, आणि त्यांच्या स्वतःच्या फुस्कालाही कोरडंच वर्ष काढावं लागणार होतं. मग त्यांनी हळूच, कोणाचा कप हातात नसताना, हाताचा तळवा तिरका करून बघितला.

"उलटी न्यावी लागेल," ते पुटपुटले.

"काय?"

"खाली घ्या. वळवा. उलटी चढवा. म्हणजे जोराची चाकं खालच्या अंगाला येतील, वजनाच्या बाजूला. ढकलतील."

"म्हणजे संत देवळात पाठमोरा जाणार?" दोना लेओकादिया म्हणाल्या.

पाद्रींना बूट सापडला होता. "जाऊ दे की," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांनी त्याची पाठच पाहिली."

सगळी रांग मागं सरली. ते वर्णन नको. एक ट्रॅक्टर, दोन भांडणं आणि एक कुंडी. पांढरी गाडी चौकात येऊन वळली. ओसिमारनं उलटी घातली, समोर बघत टूं टूं ऐकत निघाला, आणि पहिल्याच घराच्या ओट्यावर चढला.

"जावईबापू, मागं बघा."

"वाजतंय ना, सासरेबुवा."

"ते वाजतंय, कारण तुम्ही ओट्यावर आहात."

"सेउ बेलार्मिनो," दोना लेओकादिया म्हणाल्या, "बसा तुम्ही."

आमच्यात खसखस पिकली. मी भिंतीशी उभी होते आणि माझा स्वभाव मेला वाईट. मी त्यांचाच आवाज काढला, बेकरीत नेहमी काढते तसा, घशातून, नसलेली टोपी सावरत: "ती हलकी चाकं काय ओढणार, तुझी आजी?" मुली हसून वाकल्या. सेउ बेलार्मिनो वळले.

"कोण ते?"

"मी. तुम्ही त्या गाडीत बसणार नाही, पैज लावते."

"बसलो तर?"

"पुढच्या चाकांच्या गाडीत बसलात तर पुढच्या सणापर्यंत तुमची नक्कल करणार नाही. बेकरीत नाही, शाळेत नाही, कुठंच नाही."

"आणि नाही बसलो तर?"

"तर तुम्ही बेकरीत आठवडाभर गप्प बसायचं."

एका आठवड्याच्या कल्पनेनं त्यांचा रंग उडाला. त्यांनी ओसिमारला दारातून बाहेर ओढलं, आत बसले, सीट मागं केली, उजवा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि मान वळवली. वळवलेली मान हीच त्यांची खरी जागा. गाडी ओट्यावरून उतरली आणि उलटी, टूं टूं करत, चिखलातून वर निघाली, अशी की जणू गोठ्याच्या बोळातून बाहेर पडते आहे. एकदाही चाक जागच्या जागी फिरलं नाही. टपावर संत सगळ्या गावाकडं तोंड करून चालला होता. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. एकीनं म्हटलं, "अगं बाई, याला दाढी आहे." इतकी वर्षं पाठच पाहिली होती ना.

वर पोचल्यावर सेउ बेलार्मिनो उतरले आणि वाट न बघता सुरू झाले. "पाहिलंत? उलटी केली की हीसुद्धा मागच्या चाकांची. मी काय सांगत होतो? जोर मागूनच हवा. शेवटी माझंच खरं."

पण दोना लेओकादिया दाढीच्या गोष्टीनं हेलावल्या होत्या. "आता दर वर्षी असाच जाईल," त्या म्हणाल्या. "लोकांकडं तोंड करून. याच गाडीतून. आणि चालवायला सेउ बेलार्मिनो."

"माझी फुस्का नेईन ना उलटी," ते घाईनं म्हणाले.

"न्या की," ओसिमार म्हणाला. "पण सासरेबुवा, उलटी केली की फुस्काचा जोर वरच्या अंगाला जाणार. म्हणजे ती ओढणार. पुढून."

सेउ बेलार्मिनोंनी तळवा तिरका केला, उलटा केला, परत तिरका केला. मग खिशात घातला. त्यांनी संत वर पोचवला होता आणि फुस्काच्या टपावरून कायमचा उतरवला होता, एकाच चढात, स्वतःच्या हातानं. पाद्री पाणी शिंपडत फिरत होते. मागून कोणीतरी चढवून आणलेल्या फुस्काच्या आरशाच्या फितीवर चार थेंब पडले.

मला वाटलं, आता माणूस ढेपाळलाय, तर पैजेतून निसटावं. मी जवळ गेले.

"सेउ बेलार्मिनो, तुम्हीच आत्ता म्हणालात. उलटी असताना ती मागच्या चाकांची गाडी. मग तुम्ही पुढच्या चाकांच्या गाडीत बसलातच कुठं? पैज मी जिंकले. आठवडाभर गप्प."

हो म्हटलं तर आठवडाभर तोंड बंद. नाही म्हटलं तर जन्मभराचा उपदेश पाण्यात. पाहण्यासारखा चेहरा होता, आणि तो आता मला करून दाखवता येत नाही.

कारण त्यांनी इकडं तिकडं बघितलं, ओसिमार ऐकत नाही ना याची खात्री केली आणि खाली वाकून म्हणाले, "वर आल्यावर देवळाच्या भिंतीला लागत होती. म्हणून मी ती दोन हात पुढं घेतली."

"पुढं?"

"पुढं. सरळ. पुढच्या चाकांनी." त्यांनी टोपी नीट केली. "आणि वाईट नाही ओढत. पण हे तू कोणाला त्या माझ्या आवाजात सांगायचं नाहीस. हरलीस तू."